पाट्यांचा नाद

कुणाला स्टॅम्प्स जमवायचा नाद असतो, कुणाला स्नीकर्सचा. मला पाट्यांचा आहे. रस्त्यांच्या, चौकांच्या, किलोमीटर सांगणाऱ्या. पलंगाखाली सध्या चौदा आहेत आणि आईच्या भाषेत ते सगळं 'भंगार' आहे. तसं तिचं चूक नाही म्हणा, आणते मी भंगारवाल्याकडूनच, किलोच्या भावानं. (खांबावरची पाटी उपटणं म्हणजे चोरी. ते आपल्यात बसत नाही!) लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या पालिकेच्या जुन्या पाट्यांचा 2021 मध्ये लिलाव झाला, तेव्हा 'अ‍ॅबी रोड'ची एक पाटी 37,200 पौंडांना गेली. आपल्याकडे पाटी खाली उतरली की उरतं ते फक्त लोखंड.

माझी सगळ्यात लाडकी पाटी एनॅमलची. पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवतात, त्यामुळे रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण टवका उडाला की तिथूनच गंज आत शिरतो. अक्षरं छोटी, कारण वाचणारा पायी किंवा सायकलवर असायचा. आज जालना रोडवरच्या हिरव्या बोर्डावरचं अक्षर पळत्या गाडीतून, रात्री हेडलाइटच्या उजेडात वाचता यायला हवं, म्हणून ते मोठं, साधं आणि चमकणारं. त्या चमकणाऱ्या शीटला आपण सगळे बिनधास्त 'रेडियम' म्हणतो. त्यात रेडियम नसतं, हा भाग वेगळा.

या दोन्हींच्या मधला काळ पेंटरचा. ब्रश, ऑइलपेंट, अक्षराला सावली. पाटी कुठल्या हातानं लिहिलीय ते ओळखायचं असेल, तर आपल्या शहरात दोन नावं बघायची: दिल्ली गेट आणि रोशन गेट. एकात 'ल', दुसऱ्यात 'श'. या दोन अक्षरांचं मराठी वळण वेगळं, हिंदी वेगळं. मराठी शाळेत शिकलेला पेंटर नकळत मराठी 'ल' काढायचा. मग कॉम्प्युटर आला आणि फॉन्टमध्ये जो 'ल' असेल तोच पाटीवर चढला. 2009 मध्ये राज्य शासनानं निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं, तरी फ्लेक्सवाल्याच्या फॉन्टला ते कोण सांगणार?

सिडकोवाले मात्र सुखी. एन-5, एन-7... या नावांवरून कुणाचं कधी भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि शहराचं नाव? खडकी, फतेहनगर, औरंगाबाद. 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्राची मंजुरी आली आणि छत्रपती संभाजीनगर झालं. रेल्वे स्टेशनचं नाव बदलायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. राजकारण बाजूला ठेवा, पेंटरच्या नजरेनं बघा: पाच अक्षरांच्या जागी दहा अक्षरं! पाटीची रुंदी तेवढीच, म्हणजे एक तर अक्षर बारीक करा, नाही तर दोन ओळी करा. हिंदीत 'छत्रपति', मराठीत 'छत्रपती', त्यामुळे वेलांटीही सांभाळायची.

पण राजकारण बाजूला राहत नाही. मध्यंतरी एका जुन्या मैलाच्या पाटीचा फोटो मी स्टेटसला टाकला. 'औरंगाबाद 12', बस्स. तासाभरात दोन फोन. एक मैत्रीण म्हणाली, "शाब्बास, खरं नाव जपतेयस." दुसरीचा आवाज चढलेला, "अजून तेच नाव? तू नक्की कुठल्या बाजूची गं?" दोघी शाळेत माझ्याच बेंचवर बसायच्या. दोघींनाही मी तेच सांगितलं, की मला नवी पाटीसुद्धा हवीय, ती उतरेल तेव्हा. एक हसली. दुसरीशी महिनाभर बोलणं बंद होतं. फोटो मी काढला नाही.

दरम्यान भंगारवाल्या चाचांना सगळा मामला कळलाय. परवा दुकानात एक गंजका पत्रा उचलला, तर म्हणाले, "मॅडम, इसपे पुराना नाम लिखा है ना? इसका अलग लगेगा."

किलोमागे वीस रुपये जास्त. घासाघीस करून बारावर आणलं.