अडलेली खिडकी

आमच्या वयोवृद्ध वहिनींच्या खोलीची सरकती खिडकी महिनाभर बंदच होती. जड झडप त्यांच्यानें सरकेना. “भाऊजी, उगाच तुम्हांला त्रास, म्हणून बोललें नाहीं,” त्या म्हणाल्या. आम्ही शरमलों. घाईनें रुळावर खोबरेल ओतलें. संस्कृतांत तेलास ‘स्नेह’ म्हणतात. पण त्या स्नेहास धूळ चिकटून झडप अधिकच अडली! अखेर झडप उचलून बाहेर काढली, रुळांतील तेलकट मळ ब्रशानें खरवडला, चाकांत गुंतलेले केस सोडविले, आणि कोरड्या रुळावर मेणबत्ती घासली. आतां वहिनी एका हातानें खिडकी उघडतात. वरवरचा स्नेह पुरत नाहीं. कोठें अडतें तें आधीं पाहावें लागतें, हें आम्ही साठीनंतर शिकलों.