मुक्कामापूर्वीची पाहणी

न्यू जर्सीला राहणाऱ्या आमच्या मुलीचा मार्च महिन्यात फोन आला. “बाबा, या वेळी हॉटेल नको. घरासारखी गाडी भाड्याने घेऊन दोन रात्री डोंगराजवळ राहू या.” गेल्या उन्हाळ्यात ती, जावईबापू व दोन्ही नातवंडे अशाच फिरत्या घरातून तिकडच्या एका स्टेट पार्कमध्ये राहून आली होती. तेथे प्रत्येक गाडीला क्रमांक दिलेली जागा मिळते. बऱ्याच ठिकाणी विजेची जोडणी व पाण्याचा नळ असतो आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याची स्वतंत्र सोय असते. हेच सारे नातवंडांना आजी-आजोबांसह भारतात हवे होते. शाळेची सुट्टी जुलैत, म्हणून सहलही जुलैत.

बँकेतील नोकरीची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. मी वही घेतली व रकाने आखले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात अशा गाड्यांबरोबर त्यांच्या मुक्कामाच्या तळांचाही विचार आहे. गाडी मिळाली, परंतु ती उभी कोठे करायची? अनेक ठिकाणे पाहून आमचे बोट नकाशावर चौकवर थांबले.

चौक हे खालापूर तालुक्यातील गाव. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे जाताना ते लागते; पनवेल-कर्जत लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. एका बाजूस माथेरानचा डोंगर, दुसरीकडे इर्शाळगडाचा सुळका आणि जवळच मोरबे धरण. तंबूच्या मुक्कामाचा येथला इतिहासही जुना आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकला तळ देऊन राहिले होते. तेथूनच ते डोंगर चढून गेले आणि पुढे माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले. हे वाचून माझा उत्साह दुणावला. मॅलेटसाहेब मे महिन्यात आले होते, जुलैत नव्हे, ही गोष्ट मात्र तेव्हा माझ्या ध्यानी आली नाही.

एका व्यावसायिकाने इर्शाळगडाच्या बाजूची एक खासगी जागा सुचवली. छायाचित्रे सुंदर होती. तरी तारण प्रत्यक्ष पाहिल्याविना कर्ज मंजूर करू नये, हा धडा जन्मभर गिरवलेला. मे महिन्यात आम्ही उभयता चौकला गेलो.

जागा डोंगराचा उतार कापून सपाट केलेली होती. शेजारी कोरडा ओढा होता आणि त्याच्या पात्रात माणसाच्या उंचीचे धोंडे पडले होते. हे धोंडे कोठून आले, असे मी तेथल्या राखणदाराला विचारले. त्याने काही न बोलता हात वर, डोंगराकडे केला.

त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि ठाकर समाजाची ही वाडी झोपेतच गाडली गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा बचाव पथकांनी पायी चढून हातांनी माती उपसली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले. शोध थांबला तेव्हा ते त्या मातीतच होते. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, असे विधानसभेत सांगण्यात आले. आयुष्यभर कागदपत्रांवर विश्वास ठेवलेल्या माझ्यासारख्याला या एका वाक्याने अस्वस्थ केले. यादीत नाव नाही, म्हणजे धोका नाही, असे मीही गृहीत धरलेच असते.

वाचलेल्या कुटुंबांना पुढे चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत दिवस काढावे लागले. नंतर सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरे उभारली. पत्र्याच्या खोलीत राहणे हा आमच्यासाठी दोन रात्रींचा आनंद होता आणि त्यासाठी आम्ही भाडे मोजणार होतो. परतताना बराच वेळ कोणी बोलले नाही. पनवेल आल्यावर सौ. म्हणाली, “पावसाळ्यात साधू-साध्वीसुद्धा विहार थांबवून एका जागी राहतात. मग आपणच का निघायचं?” चातुर्मासामागचा हेतू जीवरक्षेचा आहे, जीवांत आपली नातवंडेही आली.

मुलीला फोन केला. ती हिरमुसली. “तिकडे आम्ही पावसातही राहिलो होतो, बाबा,” म्हणाली. तिला सांगितले, की तेथे जागा कोणीतरी तपासून क्रमांक घालून दिलेली असते. येथे तो क्रमांक आपणच घालायचा आहे. तिने दोन दिवसांनी कळवले, की जुलैतील तिकिटे बदलून नाताळच्या सुट्टीत येत आहोत. तिकिटे बदलण्याचा भुर्दंड मी वहीत लिहिला आणि त्यापुढे ‘योग्य खर्च’ असा शेरा मारला.

आता डिसेंबरची तयारी चालू आहे. जागा नवी शोधली आहे: उताराच्या पायथ्यापासून व ओढ्यापासून दूर, सपाट शेतात, मालकाची लेखी संमती घेऊन. गाडीची टाकी १५० लिटरची, माणसे सहा, दिवस दोन. म्हणजे दर माणशी दिवसाला साडेबारा लिटर पाणी. त्यातच पिणे, स्वयंपाक व स्नान. नातवंडांना पाण्याची किंमत शिकवायला याहून चांगली शाळा नाही. मोरब्याचे पाणी नवी मुंबई पिते, तेव्हा आपल्या टाकीचे सांडपाणी ओढ्यात एक थेंबही सोडायचे नाही. ते कोठे रिकामे करायचे, हे गाडीवाल्याकडून आधीच ठरवून घेतले आहे. पाणी गाळण्याचे फडके घेतले आहे. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून स्वयंपाक चारला सुरू करायचा. म्हणजे रात्री चूल नाही, विस्तव नाही, फक्त आकाश पाहायचे.

वहीत शेवटी एक ओळ सौ.ने तिच्या हाताने लिहिली आहे: पहिल्या सायंकाळी मुलांना इर्शाळगड दाखवायचा आणि वाडीची गोष्ट सांगायची.