स्वयंपाकघरातील फळा

संसारातील कामे हातांनी होतात खरी. परंतु हातांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती कोणाच्या तरी स्मरणात वागवावी लागतात. एकत्र कुटुंबात हे ओझे बहुधा एकाच गृहिणीच्या माथी असते. तूरडाळ किती उरली, दुधाचा खाडा कोणत्या दिवशी झाला, संकष्टी कधी, श्राद्धाची तिथी कोणती, गॅसची टाकी केव्हा लावली, हे सारे आमच्या घरी काकूंना मुखोद्गत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्या आठवडाभर कन्येकडे राहिल्या, तेव्हाही दिवसातून दहा वेळा त्यांनाच विचारावे लागे. डोळ्यांस विश्रांती मिळाली; डोक्यास मिळाली नाही. त्यावरून स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळा रंगविण्याचे आम्ही ठरविले.

कृती सोपी आहे. जागा शेगडीपासून व पिठाच्या डब्यांपासून दूर असावी, म्हणजे तेलकट वाफ फळ्यावर बसत नाही आणि खडूची भुकटी अन्नात पडत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर रंग फुगून सुटतो. तेथे लाकडी फळी रंगवून टांगावी हे बरे. आम्ही दाराजवळील कोरड्या भिंतीवर 3 फूट रुंद व 2 फूट उंच चौकट आखली, सोड्याच्या पाण्याने तिच्यावरील चिकटा काढला, खड्डे लांबीने बुजविले व सर्व जागा पॉलिशपेपरने घोटून घेतली. नंतर फळ्यासाठी मिळणाऱ्या काळ्या रंगाचे पातळ असे 2 हात दिले. पहिला उभा, तो पुरता वाळल्यावर दुसरा आडवा. 3 दिवसांनी खडू आडवा धरून सर्व पृष्ठभागावर घासला व कोरड्या फडक्याने पुसला. असे न केल्यास पहिली अक्षरे रंगाच्या सूक्ष्म छिद्रांत बसतात आणि पुसली तरी दिसत राहतात.

काकू प्रथम नाखूष होत्या. "माझे डोके भिंतीवर टांगता की काय?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. ज्याला सर्व ठाऊक, त्याला घरात मान. सर्वांसच ठाऊक झाल्यावर तो मान राहावा कसा? म्हणून फळ्याचे नियम त्यांनीच घालावे असे ठरले. त्यांनी दोन घातले: जिन्नस संपल्याचे जो पाहील त्याने लिहावे, आणि जो आणील त्यानेच पुसावे. या दुसऱ्या नियमाने पुरुषमंडळींच्या हाती फडके आले!

यादी फोनवरही करता येते, असे तरुण मंडळी म्हणतात. परंतु ती ज्याच्या खिशात, त्याचीच राहते. फळ्यापुढून मात्र पाणी पिण्यास आलेला प्रत्येक जण जातो.

उजवा कोपरा काकूंनी मुद्दाम मोकळा ठेवविला. ज्याला जे खावेसे वाटेल, ते त्याने तेथे लिहावे. पहिले पंधरा दिवस मुलांच्याच मागण्या झळकल्या. मग एके सकाळी धाकट्या सूनबाईंच्या बारीक अक्षरांत 'कुळथाचे पिठले' असे लिहिलेले आढळले. रत्नागिरीहून त्या आमच्या घरी येऊन दोन वर्षे झाली होती. तोवर त्यांनी तोंडाने स्वतःसाठी काही मागितल्याचे कोणास स्मरत नव्हते. कुळथाचे पीठ त्याच संध्याकाळी आले. रंगाचा एक लहान डबा आणि सुट्टीची एक दुपार एवढा हा खर्च. आमच्या मते तो कोणत्याही घरास परवडण्याजोगा आहे.