सनद लुइझियानाची, मुक्काम ह्यूस्टनला

सप्टेंबर 2005 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅटरिना वादळामुळे घरदार सोडून आलेल्या परराज्यातल्या वकिलांसाठी एक आदेश काढला. तो मी वाचला नाही. ह्यूस्टनच्या ज्या मराठी घरात मी आश्रयाला होतो, तिथे माझ्यासारख्याच पळून आलेल्या एका वकील मित्राचा फोन आला, "आपल्याला इथे काम करायची परवानगी मिळाली." मी तेच वाक्य पुढे आणखी चौघांना ऐकवलं, तेही आदेश स्वतः वाचल्याच्या थाटात. ऐकीव माहितीवर पाऊल टाकू नका, असं अशिलांना सांगण्याचे पैसे मी वर्षानुवर्षं घेत आलो होतो.

मी मूळचा सांगलीचा. न्यू ऑर्लिन्सला टुलेन विद्यापीठात कायदा शिकलो, लुइझियानाची सनद घेतली आणि जेंटिली भागात एकट्याने वकिली सुरू केली. मृत्युपत्रं, मोटार अपघात, छोट्या दुकानदारांचे करार, असली कामं. तळमजल्यावरचं ऑफिस, भाडं कमी आणि गाडी लावायला समोरच जागा. लंडन अॅव्हेन्यू कालवा तिथून फार लांब नव्हता, पण जागा घेताना कालव्याचा विचार कोण करतो?

2005 च्याच 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. फोन लागला तेव्हा कलिन्याच्या मावशीला मी अमेरिकेतून सल्ला दिला होता, "महत्त्वाचे कागद आधी वरच्या मजल्यावर नेऊन ठेव." महिन्याभराने, 28 ऑगस्टच्या रविवारी, महापौरांनी शहर सोडायचा सक्तीचा आदेश दिला. मी दोन-तीन जोड कपडे, लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन पश्चिमेकडे निघालो. बुधवारपर्यंत परतू, असं सगळेच म्हणत होते. अशिलांनी माझ्याकडे विश्वासाने ठेवायला दिलेली मूळ मृत्युपत्रं ऑफिसात लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती. ती वरच्या खणात ठेवायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी पुढे पुष्कळदा केला. अर्थात पाणी वरच्या खणापर्यंतही चढलंच, त्यामुळे तो हिशेबही फुकटच. ती गाडीत टाकायला हवी होती. कॅमेऱ्याला जागा झालीच होती की.

सोमवारी कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. 504 ने सुरू होणारे फोन बंद पडले. मोबाइलवर बोलणं होत नसे, पण मेसेज जात. आम्ही चाळिशीतले वकील त्या दिवसांत मेसेज टाइप करायला शिकलो. लुइझियानाचं सर्वोच्च न्यायालय रॉयल स्ट्रीटवरून उठून बॅटन रूजला गेलं, फेडरल अपील न्यायालय तर थेट ह्यूस्टनला आलं. फेडरल न्यायालयांना आपल्या हद्दीबाहेर बसता यावं म्हणून संसदेला सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घाईने कायदा करावा लागला. खुद्द न्यायालयांची ही गत, तिथे वकिलांचं काय घेऊन बसलात!

भारतातल्या वाचकाला यातली अडचण चटकन कळायची नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट 1961 चा, आणि त्याच्या कलम 30 ने वकिलाला देशभर वकिलीचा हक्क दिला. ते कलम अमलात यायला 2011 उजाडलं ही गोष्ट वेगळी, आणि काही उच्च न्यायालयं अजूनही सोबत स्थानिक वकील मागतात. तरी 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा माझा वकील भाचा काही आठवडे पुण्यात बसून काम करत होता आणि त्याला कोणी सनद विचारली नाही. अमेरिकेत सनद राज्याची. लुइझियानाचा वकील टेक्सासच्या हद्दीत खुर्ची टाकून बसला आणि अशिलाला सल्ला देऊ लागला, तर तो परवान्याविना वकिली करतो असा आरोप होऊ शकतो, आणि तो फौजदारीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तर आदेश लागला.

आदेशाचा गाभा असा होता: तुम्ही आपल्या राज्यात बसून जे काम केलं असतं, ते तात्पुरतं इथे बसून करा. म्हणजे लुइझियानाच्या अशिलांचं, लुइझियानाच्या कायद्याचं काम. टेक्सासच्या कायद्यात आम्ही काल जेवढे अनोळखी होतो, तेवढेच आजही होतो. यात गैर काहीच नव्हतं. लुइझियानाचा दिवाणी कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा, संहितेवर चालणारा. सीमेपलीकडे सगळा इंग्रजी परंपरेचा निवाड्यांवर चालणारा कारभार. आमच्याकडे अपघाताच्या दाव्याला तेव्हा एका वर्षाची मुदत होती, त्यांच्याकडे दोन. एवढा फरक माहीत असलेला माणूस तरी सावध राहायला हवा होता.

पहिला दणका लहान बसला. लुइझियानात वकिलाला नोटरी होता येतं आणि तिथला नोटरी म्हणजे चांगलाच वजनदार माणूस. एका अशिलाच्या मुखत्यारपत्रावर मी ह्यूस्टनला बसून नोटरी म्हणून सही केली. परवानगी आलीच आहे, मग नोटरीचीही आली असणार, अशी माझी समजूत. नोटरीचा अधिकार राज्याच्या सीमेवरच्या सबाइन नदीला संपतो, हे तो कागद परत आल्यावर ध्यानात आलं. बँकेत बसणाऱ्या टेक्सासच्या नोटरीने तेच काम काही डॉलरमध्ये करून दिलं. मी ओशाळून हसलो आणि त्यातून काहीही शिकलो नाही.

खरी चूक ऑक्टोबरअखेरची. आमच्या जेंटिलीतल्या एक बाई, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. त्यांचं मृत्युपत्र मी केलेलं होतं. चर्चच्या लोकांनी त्यांना ह्यूस्टनला आणून एका अपार्टमेंटमध्ये ठेवलं होतं. मदतीचे पैसे यायचे होते आणि भाडं थकलं होतं. न्यू ऑर्लिन्सला ओळखी-अनोळखी सगळ्यांनाच 'बेबी' म्हणायची पद्धत आहे. बाईंनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "बेबी, याचं काय करायचं ते तू बघ."

घर खाली करण्याच्या दाव्याचं समन्स होतं. वर ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीचं नाव ठळक छापलेलं, खाली तारीख. मी ते अर्धा मिनिट पाहिलं असेल. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट घोळत होती. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी राज्यातल्या सगळ्या कायदेशीर मुदती स्थगित केल्या होत्या. आधी 25 सप्टेंबरपर्यंत, मग 25 ऑक्टोबर, मग 25 नोव्हेंबर. आम्हा वकिलांना त्या दिवसांत दिलासा देणारी ही एवढीच बातमी होती, आणि आम्ही ती एकमेकांना सारखी सांगत असू. मी बाईंना म्हणालो, "मुदती सगळ्या थांबवल्यात. तुम्ही निवांत घरी जा. मी घरमालकाला पत्र लिहितो."

तिन्ही वाक्यं चूक. मुदती थांबल्या होत्या त्या लुइझियानात. ब्लँकोबाईंचा हुकूम ह्यूस्टनमध्ये चालत नव्हता. घरी जाण्याऐवजी बाईंनी तारखेला कोर्टात नुसतं उभं राहायला हवं होतं. आणि टेक्सासच्या घराबद्दल टेक्सासच्या घरमालकाला टेक्सासच्या कायद्याखाली पत्र लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पत्र मी लिहिलं, तेही न्यू ऑर्लिन्सच्या लेटरहेडवर. लॅपटॉपमध्ये तो नमुना होता, आणि पाण्याखाली गेलेल्या ऑफिसचा पत्ता त्यावर फार रुबाबदार दिसत होता.

तारखेला बाई गेल्या नाहीत. एकतर्फी निकाल लागला. त्यावर अपिलाला टेक्सासमध्ये पाच दिवस मिळतात, आणि ते पाच दिवस मी घरमालकाच्या उत्तराची वाट पाहत घालवले. नंतर कॉन्स्टेबलने चोवीस तासांची नोटीस दारावर चिकटवली तेव्हा बाईंनी मला मेसेज केला. मी पोचलो तोवर सामान फुटपाथवर आलं होतं. फारसं नव्हतंच. चर्चने दिलेला सोफा, मायक्रोवेव्ह, देणगीतून आलेल्या कपड्यांच्या पिशव्या. एकदा पुरात सगळं गेलेल्या माणसाचं दुसऱ्यांदा जमवलेलं सामान.

संध्याकाळी घरमालकाच्या वकिलाचा फोन आला. माणूस सभ्य होता. "तुमच्याकडे टेक्सासची सनद आहे?"

"लुइझियानाची आहे."

"मग तुमचं पत्र मला मिळालंच नाही असं मी धरतो," तो म्हणाला. त्याने तक्रार केली असती तर माझी मूळची सनदही अडचणीत आली असती. तेवढ्या उपकाराबद्दल मी आभार मानले आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तो आदेश शोधून वाचला.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं की भाडं खरोखरच थकलेलं होतं, दावा नाहीतरी हरलाच असता. हरलेल्या प्रत्येक कामावर वकिलाकडे असं एक मलम असतंच. पण एकतर्फी निकाल आणि हजर राहून लागलेला निकाल यात फरक असतो. हजर राहिलं की तडजोड होते, चार आठवडे मिळतात, मदतीचे पैसे येतात. शिवाय टेक्सासमध्ये भाडं थकल्याच्या अशा दाव्यात भाडेकरूच्या वतीने त्याचा अधिकृत प्रतिनिधी उभा राहू शकतो, आणि तो वकील असायची गरज नाही. चर्चमधला कोणीही सद्गृहस्थ बाईंसाठी जाऊ शकला असता. त्या सगळ्या शहरात बाईंनी नेमकं मलाच विचारलं.

अज्ञान हे कारण सांगता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. आपत्ती मदत केंद्रात तरुण वकिलांचं एक टेबल असे. अमेरिकन बार असोसिएशनच्या तरुण वकिलांचा विभाग आणि फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची फेडरल संस्था यांच्यातल्या व्यवस्थेतून आपत्तीच्या वेळी अशी मोफत कायदेशीर मदत दिली जाते. त्या टेबलावर टेक्सासची सनद असलेली मुलं-मुली बसलेली असत. माझ्या सरकारी अर्जांसाठी मी त्या केंद्रात जात होतो आणि दर वेळी त्यांच्यासमोरून पुढे सरकत होतो. बाईंना तिथे नेलं असतं तर कोणत्याही विशी-पंचविशीतल्या मुलीने समन्स पाहून सांगितलं असतं, तारखेला हजर राहा. मी नेलं नाही, कारण बाई माझ्या अशील होत्या. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याचे शर्ट घालून राहणाऱ्या माणसाला 'माझे अशील' या दोन शब्दांचा जो आधार वाटतो, तो सोडवत नाही.

आदेशाबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे, आणि ती स्वतःची चूक झाकायला करत नाही. वादळाने वकील जसा उचलून दुसऱ्या राज्यात टाकला, तसे त्याचे अशीलही टाकले. वकिलाला जुनं काम नव्या जागी करायची मुभा मिळाली. पण अशिलाची निकड आता जुनी राहिलेलीच नसते. त्याला आज नव्या गावातलं घरभाडं, नव्या गावातली शाळा, नव्या गावातलं कोर्ट पुरून उरलेलं असतं. लुइझियानाची कामं तर थांबूनच होती. विम्याच्या दाव्यांना पुढे विधिमंडळाने 2007 च्या उन्हाळ्याअखेरपर्यंत मुदत दिली. ज्या कायद्यात मी वाकबगार होतो तिथे वेळच वेळ होता, आणि ज्या कायद्यात पाच दिवस होते तिथे मला स्थान नव्हतं. नियम करणाऱ्यांनी दुसरं काय करायला हवं होतं, ते मलाही सांगता येत नाही. अनोळखी कायद्यात वकिलाला मोकळं सोडलं तर काय होतं, याचा पुरावा मीच आहे.

फेब्रुवारी 2007 मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने अशा प्रसंगांसाठी राज्यांपुढे एक नमुना-नियम ठेवला. लोक त्याला कॅटरिना नियम म्हणतात. विस्थापित वकिलाने आपल्या मूळ राज्यातल्या वकिलीशी वाजवी संबंध असलेलंच काम करावं, तीस दिवसांत नव्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे नोंद करावी, त्या राज्याच्या शिस्तीखाली यावं, स्वतंत्र परवानगीशिवाय कोर्टात उभं राहू नये. बाहेरून मदतीला येणाऱ्या वकिलांसाठी वेगळा भाग आहे: त्यांनी मोफत काम करावं आणि तेही मान्यताप्राप्त ना-नफा संस्थेमार्फत. हे सगळं मी या खेपेला दोनदा वाचलं. एका कलमापाशी थांबलो. वकिलाने आपली सनद कुठली आहे आणि कुठली नाही, हे अशिलाला सांगितलं पाहिजे.

एवढं सांगायला कुठल्याही नियमाची गरज नव्हती. "बाई, मी इथला वकील नाही" हे वाक्य मी त्यांच्याशी बोलताना कधीच उच्चारलं नव्हतं.

ते शेवटी फोनवर सांगितलं. बाई तोवर अटलांटाला मुलीकडे गेल्या होत्या. ह्यूस्टनमध्ये नाव घर-खाली-केलेल्या भाडेकरूंत लागल्यामुळे दुसरं अपार्टमेंट मिळेना, म्हणून. चर्चमधल्या आठ-दहा ओळखी होत्या त्याही सुटल्या. मी सगळं क्रमाने सांगितलं, समन्स, पाच दिवस, पत्र. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि माझं मृत्युपत्र?"

तेही सांगितलं. मूळ प्रत माझ्याकडे होती, खालच्या खणात. ऑफिसात शिरायला मिळालं तेव्हा त्या खणातून काळपट लगदा निघाला होता. त्यांना नवीन करावं लागणार होतं.

"ते मी दुसऱ्या कोणाकडून करून घेईन, बेबी," बाई म्हणाल्या, "पण पैसे तू दे."

अटलांटातल्या एका वकीलबाईंनी ते केलं. त्यांचं बिल माझ्याकडे आलं, मी भरलं. फी वाजवी होती.