वाशिष्ठीच्या काठचे परसदार

सह्याद्रीत उगम पावून चिपळूणवरून वाहत येणारी वाशिष्ठी दाभोळला अरबी समुद्राला मिळते. कोयनेच्या वीजघरांतून सोडलेले पाणी तिच्यात येत असल्याने भर वैशाखातही ती कोरडी पडत नाही. चिपळूणच्या खाली तिची खाडी होते, आणि या खाडीच्या काठाकाठाने गोवळकोट, कालुस्ते, थेट दाभोळपर्यंत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. दाभोळ हे एके काळी मोठे बंदर होते. हजची गलबते येथून सुटत. आदिलशाही काळातील देखणी शाही मशीद आजही पाण्यापासून थोड्याच अंतरावर उभी आहे.

प्रवासी येतात ते मशीद, बंदर आणि फेरीबोट पाहून परत जातात. या काठावरच्या एका गावी फुफूंच्या घरी पाच दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा मी पाहिले ते घराच्या मागचे जग.

येथील घराची ठेवण ठरलेली. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागचे दार. दाराबाहेर विहीर, नारळ-सुपारीची चार झाडे, कोंबड्यांचे खुराडे आणि चिऱ्याचा कंबरभर गडगा. गडग्यापलीकडे काजूची बाग आणि तिच्यामागे डोंगर. पूर्वी या डोंगराच्या उतारावर नाचणी-वरीची शेती होती. आता घरोघरची कर्ती माणसे कुवेत, दुबई, मुंबईत. शेती पडीक पडली, करवंदीच्या जाळ्या वाढल्या आणि रान उतरत उतरत गडग्याला येऊन टेकले. घरात उरले म्हातारे, सुना आणि मुले. म्हणून मागच्या दाराची राखण हा येथे रोजचा प्रश्न आहे.

ती राखण करतो एक गावठी कुत्रा. गुडघ्याएवढाही नाही. तांबूस रंग, एक कान मोडलेला, अंगावर मांस असे नाहीच. मुले त्याला लाल्या म्हणतात. अनोळखी माणसाने दोनदा दगड उचलल्यासारखे केले तर तो शेपूट घालून पळतो. पण रानातले जनावर गडग्याशी आले की हाच लाल्या चारी पाय रोवून उभा राहतो.

सकाळी सूर्य वर आला की वानरांची टोळी येते. लाल्या तोंड वर करून झाडाखाली गोल गोल फिरत भुंकतो. वानर त्याला घाबरते असे नाही. पण खाली उतरून शहाळे पळवणे त्याला अवघड होते आणि टोळी कंटाळून पुढे सरकते. दुपारी खुराड्याच्या वासाने घोरपड येते. तिच्यापुढे लाल्या हातभर अंतर राखून मागेपुढे नाचतो, कारण तिच्या शेपटीचा फटका त्याने एकदा खाल्ला आहे. सापाच्या वेळी त्याचा आवाज एकाच जागेवरून, एकसारखा येतो. फुफू तो आवाज ओळखतात आणि मुलांना ताबडतोब पडवीत बोलावतात. रात्री सुरण-करांदे उकरायला रानडुकरे येतात, तेव्हा तो गडग्याच्या आत राहूनच गाव जागे करतो. साळिंदराच्या नादी मात्र तो लागत नाही. तोंडात काटे भरून आलेले कुत्रे गावाने पाहिलेले आहेत.

पाच दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. या लहानशा जिवाची ताकद दातात नाही, आवाजात आहे. रानातल्या जनावराला झुंज नको असते. जखम झाली तर त्याला शिकार करता येत नाही, चरता येत नाही. फुकट मिळाले तर घ्यायचे, गोंधळ झाला तर निघून जायचे, हा त्याचा हिशेब. कुत्रा तो गोंधळ उभा करतो आणि माणूस बाहेर येईल अशी धास्ती घालतो. त्याच्या मागे घराचे दार उघडते, कंदील किंवा बॅटरी दिसते, म्हणून त्या भुंकण्याला वजन आहे. रिकाम्या घरापुढे तोच कुत्रा तितक्या हिमतीने उभा राहील असे वाटत नाही.

घराच्या पुढच्या अंगालाही धोका आहेच. वाशिष्ठीत मगरी आहेत. ओहोटीला चिखलाच्या पट्ट्यावर त्या उन्हात पडलेल्या दिसतात, आणि आता तर त्या दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात. मासळीच्या वासाने कुत्री चिखलात उतरतात. मगर समोर दिसत असेल तर ती लांबून भुंकतात. पण पाण्याखालची मगर त्यांनाही कळत नाही. म्हणून जाणती माणसे सांगतात, कुत्रा पाण्याशी निवांत आहे म्हणून मुलांनी पाण्यात उतरू नये.

आणि मग बिबट्या. त्याचे नाव येथे संध्याकाळनंतर कोणी मोठ्याने घेत नाही. बाकी प्रत्येक जनावरासाठी लाल्याचा वेगळा आवाज आहे. बिबट्या आला की आवाजच बंद होतो. तो कुंई कुंई करत दाराला अंग घासतो. फुफूंकडे पूर्वी दोन कुत्रे होते. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे, फज्रच्या अजानपूर्वी, मागच्या बाजूला एकच किंकाळी आली. उजाडल्यावर गडग्यावर थोडे रक्त आणि खुंट्याला तुटलेली दोरी एवढेच राहिले होते.

यात नवल नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी होता. म्हणजे गावातला कुत्रा हा बिबट्याला अडवणारा पहारेकरी आहे, तसाच तो बिबट्याला गावाकडे ओढणारा घासही आहे. कोकणात बिबट्या विहिरीत पडल्याच्या बातम्या येतात, त्यातही पुष्कळदा तो कुत्र्याच्या मागे धावत आलेला असतो.

यावरून फुफूंच्या घरात वाद चालू होता. कुवेतहून मुलाचा फोन येई, "अम्मी, लाल्याला रात्री मागच्या दाराशी साखळीने बांधत जा. मुले मे महिन्यात येणार आहेत. काही आले तर आधी त्याच्यावर जाईल." सून म्हणे, "बांधा, पण घरात घेऊ नका. नमाजची जागा आहे." दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. कोकणी मुसलमान शाफई मसलकचे. त्यात कुत्र्याचा ओला स्पर्श आणि लाळ नापाक मानली जाते. लाळ लागलेले भांडे सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. कोरड्या अंगाला कोरडा स्पर्श झाला तर मात्र नापाकी लागत नाही, हेही त्याच मसलकमध्ये आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते.

फुफू मदरशात शिकलेल्या नाहीत, पण कुरआनचा अर्थ मराठीतून रोज वाचतात. त्या मला म्हणाल्या, "बेटा, शौक म्हणून कुत्रा पाळायला मनाई आहे, राखणीसाठी नाही. जनावरे, शेत आणि शिकार यांसाठी इजाजत आहे. पण ज्याच्याकडून काम घ्यायचे, त्याला मरायला बांधून ठेवायचे, ही इजाजत कुठे आहे?"

मी गप्प राहिलो. बोलत त्याच राहिल्या. सूरह कहफमधल्या त्या तरुणांची आठवण त्यांनी काढली, जे ईमान वाचवण्यासाठी गुहेत गेले. उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचा उल्लेख अल्लाहने आपल्या कलामात केला आहे. विहिरीत उतरून, चामड्याच्या मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना नेहमी सांगतो. पण फुफूंचा भर दुसऱ्या हदीसवर होता. एका बाईने मांजर बांधून ठेवले. ना स्वतः खायला दिले, ना मोकळे सोडले की त्याने आपले पोट भरावे. ती त्यापायी जहन्नमची धनी झाली. फुफू म्हणाल्या, "गुन्हा बांधण्यात होता. बांधलेल्याला पळता येत नाही, म्हणून त्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर."

तोड निघाली ती साधी होती. खुराड्याला लागून, घराच्या भिंतीच्या आधाराने चिऱ्याचे एक खोपटे बांधले. वर काँक्रीटची फळी, पुढे जाड जाळीचे दार आणि बाहेरून कडी. बिबट्याचा पंजा आत जाणार नाही अशी जाळी. मगरिबनंतर लाल्या आत जातो, फज्रनंतर बाहेर येतो. त्याला ऐकू सर्व येते, वास सर्व येतो, भुंकणे पूर्वीसारखेच चालते. फक्त त्याला उचलून नेता येत नाही. घराची पाकी राहिली, राखण राहिली आणि जीवही राहिला. त्याचे भांडे वेगळे, ते बाहेरच्या नळावर धुतले जाते. खर्च एका शेळीच्या किमतीपेक्षा कमी आला, असे गवंड्याने हसत सांगितले.

दुसरे काम लसीचे होते. कोल्हा, मुंगूस यांच्याशी झटापट करणाऱ्या कुत्र्याला रेबीज होऊ शकतो आणि त्याच्याकडून तो घरातल्या मुलाला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. रोग उलट्या दिशेनेही जातो. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्येही सर्रास असतो. आपल्या कुत्र्याला लस देणे म्हणजे रानातल्या जिवांवरही उपकार आहेत.

बाकीचे नियम फुफूंनी मुले येण्याआधीच घरात ठरवून टाकले. मासळीची डोकी आणि कोंबडीची आतडी गडग्यापलीकडे फेकायची नाहीत, खड्डा खणून पुरायची. कारण त्या वासाने भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर मुलाने एकट्याने मागच्या दारी जायचे नाही. मागे दिवा लावायचा, करवंदीची जाळी घरापासून दूरवर तोडायची. बिबट्या दिसलाच तर गर्दी करायची नाही, त्याचा पाठलाग करायचा नाही, मोबाइल घेऊन जवळ जायचे नाही. त्याला निघून जायला वाट द्यायची आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवायचे. डुकरासाठी तारेचा फासा लावायचा नाही. त्यात बिबट्या अडकतो, आणि फाशात जखमी झालेला बिबट्या साऱ्या गावाला भारी पडतो. शिवाय तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मोठा गुन्हा आहे.

सून सुरुवातीला नाखूश होती. मी निघण्याच्या आदल्या रात्री इशानंतर वरच्या काजूंत काहीतरी खसखसले आणि खोपट्यातून लाल्याचा आवाज आला. रानडुकराचा, असे फुफूंनी आतूनच सांगितले. सुनेने उठून मागचा दिवा लावला, खिडकीतून जाळीकडे पाहिले, कडी नीट आहे याची खात्री करून घेतली. मग मुलांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि ती झोपायला गेली.

आपल्या कितीतरी गावांत आज घरे मोठी आणि माणसे थोडी आहेत. अशा घरांच्या मागे भाकरीच्या दोन तुकड्यांवर कोणीतरी रात्र जागून काढत असते. त्याला घरात घ्या, असे कोणी सांगत नाही. त्याच्या जागी जाळीचे एक दार लावून देणे मात्र आपल्या हातात आहे.