डोंगर डावीकडे, खाडी उजवीकडे

बालमित्रांनो, हा लेख वाचायला बसाल तेव्हा नकाशासंग्रह जवळ घ्या. आधी दक्षिण अमेरिकेचं पान काढा. पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला, लांबलचक मिरचीसारखा एक देश दिसेल. तो चिली. त्याची लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आणि सरासरी रुंदी फक्त १८० किलोमीटरच्या आसपास! पूर्वेला अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेला पॅसिफिक महासागर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी माणसं, शेती, शहरं. कारभार सोपा व्हावा म्हणून या देशाचे १६ विभाग केलेले आहेत, त्या विभागांचे पुन्हा लहान भाग.

आता महाराष्ट्राचं पान उघडा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये आपलं कोकण. आहे की नाही चिलीचं धाकटं भावंड? मात्र चिलीच्या उत्तर टोकाला जगातलं अतिशय कोरडं वाळवंट आहे, आणि आपल्याकडे वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच आहे. डोंगरावरून निघालेलं पाणी थोडंसं अंतर धावतं आणि समुद्राला मिळतं. ते अडवायचं कुणी, आणि द्यायचं कुणाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला चिलीला जायला नको. रायगड जिल्ह्यातल्या पेणहून रोह्यापर्यंत रेल्वेने गेलं तरी पुरे. चला तर मग, खिडकीजवळची जागा पकडा!

खिडकीतून दिसणारा भूगोल

पेण स्टेशन सोडलं की गाडी दक्षिणेकडे धावू लागते. डाव्या खिडकीतून डोंगर दिसतात. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पुढे आलेले हे फाटे. त्यांच्या कुशीत आदिवासी बांधवांच्या, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पेण तालुक्यातलंच गागोदे हे गाव. तिथे १८९५ साली विनोबा भावे जन्मले.

आता उजव्या खिडकीशी या. इकडे सगळं सपाट! भाताची खाचरं, त्यापलीकडे मातीचे लांब बांध, आणि त्याहीपलीकडे तिवरांची हिरवी रेघ. ही तिवरं दिसली की समजायचं, खाडी जवळ आली. या सपाट भागाला आमच्याकडे 'खारेपाट' म्हणतात.

म्हणजे एका डब्यात बसून, नुसती मान वळवून तुम्ही डोंगर आणि समुद्राची भरती, दोघांची हद्द पाहू शकता. जेमतेम काही किलोमीटरच्या रुंदीत एवढी विविधता!

पुढे कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं लागतात. नागोठण्याला अंबा नदी भेटते. ही सुधागड तालुक्यातून पालीवरून येते आणि पुढे धरमतरच्या खाडीत जाते. सडकेने आलात, तर नागोठणे आणि रोहा यांच्या मध्ये भिसे खिंड लागते. खिंडीच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब अंबा नदीकडे जाणार, आणि पलीकडे पडलेला थेंब कुंडलिकेकडे. पहिला थेंब मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी समुद्राला मिळेल, दुसरा रेवदंड्याला. दोन थेंब शेजारी शेजारी पडले, पण आयुष्यभरासाठी वेगळे झाले! पुस्तकात 'जलविभाजक' हा शब्द येतो ना, तो हाच.

गावं इथेच का वसली?

आता एक कोडं. पेण, नागोठणे, रोहा ही तिन्ही गावं समुद्रापासून आत आहेत. मग ती जुन्या काळी व्यापाराची गावं कशी झाली?

उत्तर भरतीच्या पाण्यात आहे. भरती आली की समुद्राचं पाणी खाडीतून आत, पार या गावांपर्यंत चढत यायचं. त्या पाण्यावर गलबतं आत यायची. पेणसाठी अंतोरे बंदर होतं. नागोठण्याला अंबेतून आणि रोह्याला कुंडलिकेतून गलबतं येत. जिथे भरतीचं पाणी संपतं तिथे गलबत थांबतं, आणि जिथे गलबत थांबतं तिथून बैलांच्या तांड्यांची घाटवाट सुरू होते. माल उतरवायचा, चढवायचा, तर वखार हवी, बाजार हवा, जकात घेणारा हवा. म्हणून तिथे गाव वाढलं. पनवेल आणि महाड यांचंही असंच. जिथे बाजार तिथेच पुढे कचेऱ्या आल्या. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी १८६० च्या दशकातच नगरपालिका स्थापन झाल्या.

रोह्याच्या नगरपालिकेचं पूर्ण नाव आहे 'रोहा अष्टमी'. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. नदी दोन गावं वेगळी करते, पण कारभार त्यांना एकत्र बांधतो! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण याच परिसरात गेलं.

पुढे गलबतं गेली आणि आगगाडी आली. १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत पोहोचले. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. गंमत अशी, की मध्य रेल्वेचा कारभार रोह्याला संपतो आणि कोकण रेल्वेचा तिथून सुरू होतो. पुढचं कोलाड हे कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन. रुळांना काही फरक कळत नाही. फरक फक्त कागदावर!

कागदावरच्या रेषा

आता या कागदावरच्या रेषा पाहू. आपला जिल्हा १८६९ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला. तेव्हा त्याचं नाव होतं कुलाबा, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. जिल्ह्यात आज १५ तालुके आहेत.

कारभाराची उतरंड खालून वर मोजा. गावाच्या जमिनीचा हिशेब ठेवणारे तलाठी, त्यांच्यावर मंडळ अधिकारी, तालुक्याचे तहसीलदार, दोन-एक तालुक्यांचे प्रांत, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आणि सगळ्या कोकणाचे विभागीय आयुक्त. ही झाली सरकारी नोकरांची उतरंड. दुसरी उतरंड लोकांनी मतं देऊन निवडलेली: ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि १९६२ पासूनची जिल्हा परिषद.

जिल्ह्याचं ठाणं अलिबागला, पण एस.टी.चं विभागीय कार्यालय मात्र पेणच्या रामवाडीत. मोटारींच्या नोंदणीची कचेरीही पेणलाच. 'एम.एच. ०६' नंबरची गाडी दिसली, की ती पेणला नोंदवलेली आहे हे ओळखा. का बरं? नकाशात बघा. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि अलिबाग एका बाजूला, समुद्राकाठी. कचेरी कुठे असावी हेही शेवटी भूगोलच सांगतो.

भरतीशी झुंज

खारेपाटात मात्र भूगोल रोज दोनदा दार ठोठावतो. दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर उधाण. शेतं भरतीच्या पातळीहून खाली. मग शेत वाचतं कसं? बांधामुळे. या बांधात जागोजागी 'उघाडी' असते. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की दार आपोआप मिटतं, खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना यंत्र! आपल्या पूर्वजांची हुशारी पाहिलीत?

पण बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी शेतात घुसतं. मग एकदोन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघेपर्यंत भात नीट पिकत नाही. पूर्वी गावकरी एकजुटीने बांध राखत. पुढे १९७९ मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला आणि सरकारने योजनेतल्या बांधांची जबाबदारी घेतली. त्याची कचेरीही पेणला आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जातीही तयार केल्या. पण एक लक्षात ठेवा. खांड मध्यरात्री जाते आणि कचेरी सकाळी उघडते. म्हणून बांधावर नजर ठेवणारं गाव जागंच लागतं.

दोन तालुके, दोन गोष्टी

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी अडवायचं कुणी, आणि द्यायचं कुणाला?

आधी रोह्याची गोष्ट. पुणे जिल्ह्यात मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी खरं तर मुळा नदीतून, पुढे भीमा आणि कृष्णेतून, पार बंगालच्या उपसागराला जायचं. पण टाटांनी ते अडवलं, डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणून त्यावर वीज केली. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. वीज तयार करून पाणी सुटतं ते कुंडलिकेत. म्हणून भर वैशाखातही कुंडलिका वाहते. कोलाडला लोक तिच्या प्रवाहात रबरी होड्या सोडतात. डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालवे निघतात आणि उन्हाळ्यातही भाताची शेतं हिरवी दिसतात. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला आलं! पण त्याची किंमत कुणीतरी मोजली आहे. मुळशीच्या मावळ्यांची गावं आणि शेतं त्या तलावाखाली गेली. १९२१ पासून त्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. कुंडलिकेचं पाणी ओंजळीत घ्याल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

आता पेणची गोष्ट. पेण तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे. पाऊस इथला, डोंगर इथला. पण धरणातलं बरंच पाणी जलवाहिनीतून नवी मुंबईला जातं. आणि त्याच तालुक्यातल्या वाशी-शिर्कीकडच्या खारेपाटात? तिथे विहीर खणली तर खारं पाणी लागतं. पावसाळ्यात चहूकडे पाणी, आणि उन्हाळा आला की पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट! हंडे-कळशा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांत शाळेत जाणाऱ्या मुलीही असतात. हेटवण्याचं पाणी खारेपाटात आणण्याच्या योजना निघाल्या, मागण्या झाल्या, मोर्चे झाले.

पाहिलंत ना? नदीतलं पाणी उताराने जातं. त्याला तालुका कळत नाही, जिल्हा कळत नाही. पण नळातलं पाणी उताराने जात नाही; ते निर्णयाने जातं. नवी मुंबईच्या लोकांनाही तहान आहेच. त्यांना पाणी नको असं कुणी म्हणणार नाही. पण धरणाच्या तालुक्यातलं गाव कोरडं राहू नये, एवढं तर खरं? म्हणून निर्णय कुठे होतो आणि तो कोण घेतं, हे प्रत्येकाला माहीत हवं.

आणि लोकांनी विचारलं, तर निर्णय बदलतातही. पेण तालुक्यात मोठ्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतजमिनी घ्यायचं घाटत होतं. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, 'धरणाचं पाणी आमच्या शेताला मिळणार होतं, मग जमीनच कशी घेता?' शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने २२ गावांत मतदान घेतलं. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यांनाच विचारलं! मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'नाही' म्हटलं. ते क्षेत्र पुढे तिथे उभं राहिलं नाही. अशा प्रश्नावर सरकारने गावोगाव मतपेट्या पाठवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

तुम्ही काय कराल?

सुट्टीत हा उद्योग करा. आईबाबांनाही सोबत घ्या.

१. तुमच्या घरी येणारं पाणी कुठल्या धरणातून, नदीतून किंवा विहिरीतून येतं ते शोधा.

२. ते ज्या वाटेने येतं, ती वाट नकाशावर निळ्या पेन्सिलने काढा.

३. त्याच नकाशावर तालुक्याची आणि जिल्ह्याची हद्द लाल पेन्सिलने काढा.

४. निळी रेघ लाल रेघेला किती ठिकाणी ओलांडते ते मोजा.

५. पाणी आलं नाही तर अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा? ग्रामपंचायत, नगरपालिका की जिल्हा परिषद? मोठ्यांना विचारून त्या कचेरीचं नाव वहीत लिहून ठेवा.

निळी रेघ निसर्गाने आखली, लाल रेघ माणसांनी. निळी पुसता येत नाही. लाल रेघ मात्र माणसांनीच काढलेली आहे, म्हणून तिथे चूक झाली तर विचारणाही माणसांनीच करायची असते. उद्या ती माणसं तुम्हीच असणार आहात. तेव्हा भूगोलाचं पुस्तक जरा प्रेमाने उघडा. त्यात तुमच्या घरातली पाण्याची कळशीसुद्धा आहे!