कुकडीचे रांजण

आम्हां निर्मळकरांना दरीखोऱ्यांचे अप्रूप वाटावे, यात नवल ते काय? आमच्याकडे सारे सपाट. केळीच्या वाड्या, तळे आणि पलीकडे समुद्र. कार्तिकातली यात्रा आटोपली की आमचा हिवाळा सुरू होतो. हिवाळा कसला, एक चादर पुरते!

म्हणून गेल्या डिसेंबरात अण्णांना घेऊन आम्ही निघोज गाठले. शिरूर सोडून आत वळले की नुसते माळ आणि ज्वारी. नदी कुठे दिसतच नाही. आणि एकाएकी पायांपुढची जमीन दुभंगते! काळ्या कातळात कुकडीने खोल घळ कोरली आहे. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे पारनेर, आणि मध्ये दगडात रांजणच रांजण. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरतो, कातळ घासतो, स्वतःही झिजतो. हे दळण हजारो वर्षे चालले आहे. पाणी उतरले की मगच ते नीट दिसते.

"अण्णा, पुढे जाऊ नका हो!" ही ओरडत होती. ऐंशी उलटलेले अण्णा तिकडे एका रांजणाशी उकिडवे बसून आतले हिरवे पाणी न्याहाळत होते.

धाकट्याच्या मनात आमचे बावखल बुजवून तिथे घर बांधायचे आहे. त्याचेही खोटे नाही; मुले मोठी झाली, खोली एकच. पण बावखल म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, म्हणून शेजारची विहीर गोड राहते. टँकरवाल्यांच्या उपशाने वसईतल्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. आमची अजून टिकून आहे. सहा महिने घरात या विषयावर कुणी धड बोलत नव्हते.

"हे नदीनं खणलं," अण्णा म्हणाले. "आपलं माझ्या आज्यानं खणलं. कुदळीनं."

एवढेच. मग मळगंगेचे दर्शन झाले, भाकऱ्या सुटल्या, मुलांनी खिसे भरून गोटे घेतले.

परतताना शिरूरला चहाच्या टपरीवर धाकट्याने धीर केला. "अण्णा, भरावाचं काय ठरवायचं?"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "भराव नको. घर पश्चिमेच्या अंगाला बांध. दोन आंबे जातील, जाऊ देत."

धाकटा खाली बघू लागला. ते दोन्ही आंबे आईने लावलेले.